सहनेतृत्व आणि पाठराखण : कोसबाडच्या प्रयोगाची फेरतपासणी

शालासुधारणेच्या चर्चेत गेल्या तीन-चार दशकांत दोन कल्पनांना विशेष मानाचे स्थान प्राप्त झाले आहे. शाळेचे नेतृत्व ही एकट्या मुख्याध्यापकाची मिरास नसून अनेकांनी मिळून पार पाडावयाची क्रिया आहे, ही पहिली कल्पना; आणि व्याख्याने ऐकवून किंवा शिबिरात बसवून शिक्षकाचे अध्यापन पालटत नाही, त्याच्या वर्गात त्याच्या सोबतीस कोणी तरी राहावे लागते, ही दुसरी. पहिलीची सविस्तर मांडणी अमेरिकेत जेम्स स्पिलेन ह्यांनी आपल्या २००६ च्या ग्रंथात केली. नेता, अनुयायी आणि परिस्थिती ह्या तिहींच्या परस्परक्रियेतच नेतृत्व घडते, कोणा एकाच्या अंगी ते वसत नाही, असा त्यांचा सिद्धान्त. दुसरीचा पुरस्कार ब्रूस जॉइस व बेव्हर्ली शॉवर्स ह्यांनी १९८० पासून केला. तत्त्वकथन, प्रात्यक्षिक व सराव एवढ्यावर थांबलेले प्रशिक्षण वर्गापर्यंत क्वचितच पोहोचते, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सार होय. ह्या दोन्ही कल्पना आता आपल्या शिक्षणशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांत स्थिरावल्या आहेत. त्या जशा आल्या तशाच घेतल्या गेल्या, आणि त्यांचे मराठी प्रतिशब्द शोधताना त्यांतील जीव बराचसा हरपला, ही मात्र खेदाची गोष्ट म्हटली पाहिजे.

'वितरित नेतृत्व' हा शब्दच पाहावा. वितरण म्हटले की मराठी मनापुढे शिधावाटपाचे दुकान उभे राहते. कोणा एकाच्या कोठारात नेतृत्व साठलेले आहे आणि तो ते मापाने इतरांस देत आहे, असे चित्र त्यातून निघते. मूळ सिद्धान्ताच्या हे नेमके उलट आहे. 'कोचिंग' ह्या शब्दाची गत ह्याहून वाईट. पालघर किंवा बोईसर स्थानकाबाहेरच्या रस्त्याने चालणाऱ्यास हा शब्द खाजगी शिकवण्यांच्या फलकांवर भेटतो, आणि तेथे त्याचा अर्थ परीक्षेतील गुण इतकाच असतो. मराठीत ह्याहून नेमका शब्द जुनाच आहे. नवी नवरी प्रथम सासरी निघाली म्हणजे तिच्याबरोबर एक वडीलधारी बाई पाठराखीण म्हणून जाई. ती नवरीऐवजी घर चालवीत नसे. ती नवरीवर देखरेख करणारीही नसे. परक्या घरातील पहिले दिवस नवरीने स्वतःच्या पायांवर उभे राहून काढावेत, पण एकटीने काढू नयेत, एवढेच तिचे काम. काम संपले की ती परत येई. शिक्षकाच्या वर्गातील सोबतीस 'पाठराखण' म्हणावे, हे त्यामुळे केवळ शब्दसौष्ठवासाठी सुचविलेले नाही. देखरेख आणि पाठराखण ह्यांतील भेद हाच पुढील विवेचनाचा कणा आहे.

ह्या दोन्ही कल्पनांचे महाराष्ट्रातील सर्वांत जुने आणि सर्वांत पूर्ण उदाहरण आजच्या पालघर जिल्ह्यातच आहे. हा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला. परंतु त्यातील डहाणू तालुक्यात, बोर्डी येथे, २४ डिसेंबर १९४५ रोजी ताराबाई मोडक ह्यांनी नूतन बाल शिक्षण संघाच्या वतीने ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, तेव्हापासूनचा इतिहास त्याच्या नावावर जमा आहे. केंद्र १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेले. ताराबाई (१८९२–१९७३) आणि अनुताई वाघ (१९१०–१९९२) ह्या दोघींच्या नावांशी हे कार्य कायमचे जोडले गेले आहे. ह्या कार्याविषयी आदराने बोलणारे पुष्कळ आढळतात, त्याची चिकित्सा करणारे थोडे. उपलब्ध लेखन बहुतांशी चरित्रात्मक आहे, आणि चरित्राचा साचा ठरलेला : ताराबाई गुरू, अनुताई शिष्या, एकीने ज्योत लावली, दुसरीने तेवत ठेवली. हा साचा भक्तिभावास पोषक असला तरी अभ्यासास मारक आहे, कारण ह्या दोघींमध्ये प्रत्यक्षात काय वाटले गेले होते, हा प्रश्नच त्यात उद्भवत नाही.

तो प्रश्न उपस्थित केला की चित्र बदलते. केंद्र निघाले त्या दिवशी ताराबाई त्रेपन्न वर्षांच्या होत्या. मुंबई विद्यापीठाची पदवी, भावनगरला गिजुभाई बधेका ह्यांच्यासमवेत केलेले बालशिक्षणाचे कार्य, १९२६ मध्ये स्थापन झालेला संघ, १९३६ मधील दादरचे शिशुविहार आणि 'शिक्षणपत्रिका' हे मासिक एवढी त्यांची सामग्री. अनुताई पस्तिशीच्या होत्या. बालपणीच वैधव्य आलेली, स्वतःच्या हिमतीवर शिकलेली, चांदवडला आणि पुढे पुण्याच्या हुजूरपागेत वर्षानुवर्षे वर्ग चालविलेली ही प्राथमिक शिक्षिका होती. १९४५ मध्येच बोरिवली येथे कस्तुरबा ट्रस्टच्या शिबिरात दोघींची गाठ पडली. पदवी, लौकिक, वय, संपर्क ह्या सर्व मापांनी ताराबाईंचे पारडे जड होते. तथापि ज्या ज्ञानावाचून बोर्डीचे केंद्र चालणे शक्य नव्हते, ते ज्ञान, म्हणजे चाळीस-पन्नास मुलांचा वर्ग रोजच्या रोज निभावून नेण्याचे, अनुताईंपाशी अधिक होते. येथे सिद्धान्त आणि सराव असे दोन ढीग करून एकेक दोघींना वाटून देण्याचा मोह होतो. तोही टाळला पाहिजे. अनुताईंनी वयाच्या पन्नाशीनंतर, १९६१ मध्ये, बी. ए. ची पदवी मिळविली व पुढे विपुल लेखन केले. आणि पाड्यावर जाऊन मुलांत बसण्याचे ताराबाईंनीही सोडले नाही. वाटणी कामांची असण्यापेक्षा प्रश्नांची होती. समोर आलेला प्रश्न ही दोघींची सामाईक मालमत्ता होती.

आणखी एक गोष्ट चरित्रकारांच्या नजरेतून सुटते. ताराबाई बोर्डीस आल्या त्या सहनेतृत्वाचा अनुभव घेऊनच आल्या. भावनगरला गिजुभाईंच्या जोडीने काम करताना जोडीतील दुसरे स्थान काय असते, हे त्यांनी पाहिले होते. ज्याला दुसरेपणाची चव ठाऊक आहे, तोच पहिलेपण मोकळे सोडू शकतो, असे मानण्यास येथे आधार सापडतो.

प्रश्न सामाईक असणे म्हणजे काय, हे केंद्राच्या तीन प्रसिद्ध रचनांवरून दिसते. बोर्डीस बालवाडी उघडली, पण दलित व आदिवासी वस्त्यांतील मुले तेथे येईनात. तेव्हा बालवाडीच त्या वस्त्यांच्या अंगणात नेण्यात आली, तीच अंगणवाडी. मोठी मुले गुरे राखण्यास जात, म्हणून शाळेस येत नसत. तेव्हा शाळा कुरणात गेली, तीच कुरणशाळा. धाकट्या भावंडांस सांभाळण्यासाठी मुलींना घरी थांबावे लागे. तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणण्यात आली, तीच विकासवाडी. तिन्ही वेळी विचाराची दिशा एकच आहे. मूल का येत नाही, ह्याचे उत्तर मुलाच्या आळसात अथवा पालकांच्या अज्ञानात शोधलेले नाही. ते वारली कुटुंबाच्या श्रमव्यवस्थेत शोधले आहे. स्पिलेन परिस्थितीला नेतृत्वाचे तिसरे अंग म्हणतात, त्याचा ह्याहून स्पष्ट दाखला क्वचितच मिळेल. गाईंच्या चरण्याच्या वेळा शाळेचे वेळापत्रक ठरवीत होत्या. माँटेसरीच्या महागड्या साधनांऐवजी शिंपले, खडे, बिया, पाने हाती घेण्यात आली, तीही केवळ काटकसर म्हणून नव्हे. त्या वस्तूंविषयी शिक्षिकेपेक्षा मुलालाच अधिक कळत होते, आणि त्यामुळे वर्गातील जाणकाराची जागा काही काळ तरी मुलाकडे जात होती.

पाठराखणीच्या बाजूने पाहिल्यास कोसबाडची खरी देणगी बालसेविकांच्या प्रशिक्षणात आहे. तेथे प्रशिक्षणवर्ग आणि बालवाडी ही एकाच आवारात होती. ही बाब साधी वाटते, पण तिचे परिणाम दूरगामी आहेत. जी सकाळी शिकविते तिचा धडा दुपारी सर्वांच्या समोर उलगडता येतो. आणि उलगडणारी स्वतःही दुसऱ्या दिवशी त्याच मुलांसमोर उभी राहणार असते. निरीक्षण करणारा आणि करून दाखविणारा ह्यांच्यामध्ये भिंत राहत नाही. आजच्या यंत्रणेत शिक्षकाचा धडा पाहावयास येणारा अधिकारी, त्याने स्वतः वर्ग घेण्याचे थांबविल्यानंतरच त्या पदास चढलेला असतो. पाठराखिणीचा अधिकार कशातून येतो, ह्याचे उत्तर येथेच आहे : तिने ते घर पाहिलेले असते.

सहनेतृत्वाची कसोटी त्यातील एक व्यक्ती नाहीशी झाल्यावर लागते. १९७३ मध्ये ताराबाई निवर्तल्या, आणि कार्य खंडित झाले नाही. अनुताईंनी ते पुढे एकोणीस वर्षे चालविले. इतकेच नव्हे, तर १९८२ मध्ये रमेश पानसे ह्यांच्यासमवेत 'ग्राममंगल' ही नवी संस्था उभी करून त्या पुन्हा एका जोडीत दाखल झाल्या. ह्या वेळी वयाने व लौकिकाने मोठे स्थान त्यांचे होते. एका जोडीतील धाकटी दुसऱ्या जोडीतील वडील होते, हा क्रम भावनगर, बोर्डी आणि डहाणूचे पाडे असा तीन पिढ्यांपर्यंत दाखविता येतो. गुरुशिष्यपरंपरेच्या साच्यात हे बसत नाही, कारण त्या साच्यात ज्ञान वरून खाली येते. येथे प्रत्येक जोडीने नवी परिस्थिती पाहून नवे काही रचले.

आता ह्या प्रयोगाची मर्यादा. ती सौम्य शब्दांत सांगून भागणार नाही. केंद्र निघाले त्याच वर्षी, १९४५ च्या मे महिन्यात, आजच्या तलासरी तालुक्यातील झरी येथे किसान सभेच्या नेतृत्वाखाली वारल्यांचा लढा उभा राहिला. वेठबिगार आणि लग्नाच्या कर्जापोटी पिढ्यान् पिढ्या सावकाराकडे राबणारे लग्नगडी ह्यांच्याविरुद्धचा हा लढा उंबरगाव व डहाणू तालुक्यांत पसरला. गोदावरी परुळेकर ह्यांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) ह्या ग्रंथाने तो मराठी वाचकास परिचित केला. बोर्डीची बालवाडी आणि झरीची सभा ह्यांच्यामधील अंतर फार नव्हते. मुलाला शाळेपासून दूर ठेवणारी श्रमव्यवस्था दोहोंनीही ओळखली. एकीने शाळा त्या व्यवस्थेच्या मोकळ्या जागांत नेऊन बसविली, दुसरीने ती व्यवस्थाच मोडावयास घेतली. वेठ गेल्यावाचून कुरणशाळेतील मूल पुढे कोठवर गेले असते, हा प्रश्न कोसबाडच्या गौरवलेखनात विचारला जात नाही. त्याचप्रमाणे, मुलाच्या हाताखालून पुस्तक की पाटी गेली, ह्याचा उल्लेख लढ्याच्या इतिहासात अभावानेच येतो. हे दोन प्रवाह एकत्र वाचण्याची सवय आपल्या अभ्यासकांस अजून लागलेली नाही.

ह्यातून सहनेतृत्वाविषयीचा एक अवघड प्रश्न निघतो. कोसबाडला नेतृत्व वाटले गेले हे खरे, परंतु कोणाकोणांत? पुण्या-मुंबईच्या सुशिक्षित, मध्यमवर्गीय स्त्रियांत ते मुक्तपणे वाटले गेले. वारली आई, पाड्याचा कारभारी, स्वतः गुराखी मुलगा ह्यांच्या गरजेने निर्णयांची दिशा ठरली. पण निर्णय घेणारांत त्यांचे स्थान किती होते, हे स्वतंत्रपणे तपासावयास हवे. परिस्थितीचे ऐकणे आणि परिस्थितीतील माणसाला सत्तेत भागीदार करणे ह्या दोन पायऱ्या आहेत. पहिली पायरी कोसबाडने इतक्या उत्तम रीतीने चढली की दुसरी शिल्लक आहे, हे पाहणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. स्पिलेन ह्यांच्या सिद्धान्तावरही हाच आक्षेप येतो. नेतृत्व सर्वत्र पसरलेले आहे असे म्हटले की सत्ता मात्र एकाच ठिकाणी साठून राहिली आहे, हे सांगावयाचे राहून जाते.

शासनाने ह्या प्रयोगातून काय उचलले, ह्याचा हिशेब उद्‌बोधक आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने 'अंगणवाडी' हे नाव देशभर नेले. नाव गेले, अंगण बरेचसे मागेच राहिले. पोषण, लसीकरण, नोंदवह्या ह्यांचा भार एका सेविकेवर पडला, आणि तिच्यावर नेमलेल्या पर्यवेक्षिकेकडे सतरापासून पंचवीसपर्यंत अंगणवाड्या आल्या. एवढ्या अंगणवाड्या सांभाळणाऱ्या बाईने नोंदवही तपासावी की मुलांत बसून गाणे म्हणावे? उत्तर ठरलेले आहे, आणि त्यात त्या बाईचा दोष नाही.

प्राथमिक शाळांची कथा याच वळणाची. कोठारी आयोगाने (१९६४–६६) शाळासंकुलाची शिफारस केली होती. जवळपासच्या शाळांनी एकमेकींच्या आधाराने सुधारावे, हा तिचा हेतू. महाराष्ट्रात १९९० च्या दशकात साधारण दहा शाळांमागे एक केंद्रशाळा आणि केंद्रप्रमुख ही व्यवस्था आली. केंद्रप्रमुख हा कल्पनेने पाठराखाच होता. त्याने शाळांत जावे, धडा पाहावा, घेऊन दाखवावा, आणि महिन्याच्या शिक्षण परिषदेत शिक्षकांनी एकमेकांपासून शिकावे. पुढे हळूहळू वरून मागविल्या जाणाऱ्या माहितीचे तक्ते भरून घेणे हाच त्याचा मुख्य व्यवसाय झाला, आणि शिक्षण परिषद ही परिपत्रके वाचून दाखविण्याची जागा बनली. २२ जून २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' ह्या शासननिर्णयाच्या काळात सातारा तालुक्यातील कुमठे बीटाचे उदाहरण पुढे आले, तेव्हा राज्यभरातून शिक्षक तेथील शाळा पाहण्यास गेले. शिक्षकाने शिक्षकाचा वर्ग पाहणे ही गोष्ट चांगलीच. परंतु एका दिवसाच्या भेटीत डोळ्यांस दिसते ती रंगविलेली फरशी. ती फरशी रंगविण्यापूर्वी त्या बीटातील शिक्षक किती महिने एकत्र बसून वाद घालीत होते, हे दिसत नाही, आणि म्हणून बरोबर नेताही येत नाही.

डहाणू रोडहून मुंबईकडे येणाऱ्या गाडीस वाणगाव आणि मग बोईसर. कोसबाड आणि बोईसर–तारापूर ह्यांच्यात एवढेच अंतर आहे. शैक्षणिक दृष्ट्या मात्र दोन युगांचे. तारापूरच्या अणुवीजकेंद्राचे पहिले दोन संच १९६९ मध्ये सुरू झाले, औद्योगिक वसाहत वाढली, आणि २०१३ मध्ये विरारच्या पुढे डहाणूपर्यंत उपनगरी गाड्या धावू लागल्यावर लोकवस्तीला धरबंध राहिला नाही. वीजकेंद्राच्या वसाहतीतील मुलांसाठी अणुऊर्जा शिक्षण संस्थेच्या शाळा आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळांत वारली व मच्छीमार कुटुंबांच्या मुलांशेजारी उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा येथून आलेल्या कामगारांची मुले बसतात. तिसऱ्या व चौथ्या संचांसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठविण्यात आली. शिक्षणहक्क कायद्याने (२००९) शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे ठरविले. कायद्याच्या भाषेत हे सहनेतृत्वच होय. पण त्यामागे एक स्थिर गाव गृहीत धरलेले आहे. उठलेल्या गावातील, किंवा भाड्याच्या खोलीत दोन वर्षे राहून पुढे जाणाऱ्या, पाळीने कारखान्यात जाणाऱ्या पालकाला सकाळी अकराच्या सभेचे निमंत्रण म्हणजे गुराख्याला भर दुपारी शाळेत बोलाविण्यासारखेच आहे. कुरणशाळेचा धडा येथे लागू पडतो, तो कुरणाचा नव्हे, वेळापत्रकाचा. सभा पाळी सुटल्यावर, वस्तीत, चाळीच्या ओट्यावर का भरू नये, ह्याचे उत्तर कोणत्याही नियमात नाही.

असे स्थलांतर नवे नाही, आणि त्यास मिळालेले उत्तरही जिल्ह्याबाहेरचे नाही. वीटभट्टीवरील मजुरांच्या मुलांसाठी 'विधायक संसद' ह्या संस्थेने १९९० च्या दशकात तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात भोंगाशाळा चालविल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरील तात्पुरते खोपटे. शाळा त्यातच भरे. कुरणशाळा आणि भोंगाशाळा ह्यांच्यात सुमारे चार दशकांचे अंतर असूनही तर्क एकच आहे, हे लक्षणीय आहे. मात्र भोंगाशाळेमागे मजुरांच्या हक्काचे संघटन उभे होते. वर सांगितलेली बोर्डी आणि झरी ह्यांची फारकत येथे काही प्रमाणात मिटलेली दिसते, आणि म्हणून तुलनेच्या दृष्टीने ह्या शाळांचे महत्त्व कोसबाडहून कमी मानता येणार नाही.

बोईसरच्या बहुभाषी वर्गातील शिक्षिकेस पाठराखीण कोठून मिळावी, हा आजचा निकडीचा प्रश्न आहे. केंद्रप्रमुखाला ओडिया येत नाही, शिक्षिकेला वारली येत नाही, आणि पाठ्यपुस्तकाला दोन्ही येत नाहीत. ह्या वर्गात भाषेचे जाणकार दोनच : चौथीतील थोरले मूल आणि दारात सोडावयास आलेली आई. त्यांना वर्गात बसवून घेण्याची परवानगी कोणी द्यावयाची, मुख्याध्यापकाने, समितीने की शिक्षिकेने स्वतः, ह्या क्षुल्लक दिसणाऱ्या बाबीवर शाळेतील नेतृत्वाचे खरे स्वरूप उघडे पडते. अशा परवानगीचे निर्णय कोठे आणि कोणाच्या तोंडून झाले, ते व्यवस्थापन समित्यांच्या व शिक्षण परिषदांच्या इतिवृत्तांत शोधता येईल. पालघर तालुक्यातील केंद्रशाळांच्या कपाटांत ही इतिवृत्ते पडून आहेत, आणि संशोधनासाठी विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्यास ती मागून घेण्यास कोणाची विशेष शिफारस लागत नाही.